ओट्यावर सावली नको

१४ सप्टेंबर, रविवार

आले बाई एकदाची! सामानाचा टेम्पो सकाळी लागला, दुपारपर्यंत खोकी आत आली, आणि आता मी माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या फरशीवर फतकल मारून बसले आहे. सिडको, एन-नऊ. दोन खोल्या, एक चिमुकलं स्वयंपाकघर, मागं हातभर अंगण आणि अंगणात कढीपत्ता. दारावरची पाटी अजून यायची आहे. तिच्यावर एकटं 'मनस्विनी' असणार. पुढंमागं कुणाचं काही चिकटवायचं नाही, असं पाटीवाल्याला बजावून ठेवलं आहे. घटस्फोटानंतर तीन वर्षं पुण्यात दुसऱ्यांच्या खोल्यांतून दिवस काढले. वाळूजच्या औषध कंपनीत नोकरी मिळाली आणि म्हटलं, आता बस झालं.

शेजारच्या सरूबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मूळच्या गंगापूरकडच्या, बोलायला एकदम मोकळ्या. आधी जेवू घातलं आणि मग झापलं. पितरपाटात कुणी नव्या घरात पाय टाकतं व्हय, ह्या पंधरवड्यात लोक साधा झाडू इकत घेत नाहीत, म्हणाल्या. मी म्हटलं, मला रविवार मिळाला तो हाच. त्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि घराची एक किल्ली मागून घेतली. नळ कधी येईल याचा इथं नेम नसतो, मी कंपनीत असले तर त्या टाकी भरून घेतील. माणूस लाख आहे.

सईला व्हिडिओ कॉलवर सगळं घर दाखवलं. कढीपत्ता आवडला. स्वयंपाकघर बघून मात्र म्हणाली की आई, आता अजिंठ्याला जायची गरज नाही, गुहा घरातच आहे. तेरा वर्षांची कार्टी, जीभ माझ्यावर गेली आहे.

दिवाळीत पाडव्यापर्यंत ती तिच्या बाबाकडं, हिमांशूकडं. त्यानंतरची सुट्टी माझ्याकडं. आणि जानेवारीत कोर्ट तिला विचारणार आहे, कुणाकडं राहायचं. म्हणजे ह्या एका सुट्टीत हे घर तिला आपलं वाटायला हवं. गुहा चालणार नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

स्वयंपाकघराचं दुखणं कळलं. एकच ट्यूब, तीही दाराच्या वर, म्हणजे ओट्याशी उभं राहिलं की बरोबर पाठीमागं. त्यामुळं आपली आपल्यालाच सावली. आज स्वतःच्या सावलीत भेंडी चिरता चिरता बोट चिरलं.

आधीच्या बाईंनी ह्याच उजेडात आयुष्य काढलं म्हणे. भानुमतीकाकू. गेल्या वर्षी वारल्या, त्यांचा मुलगा अमेय बेंगळुरूला असतो, त्यानं घर विकलं. त्यांचं एकच सामान मागं राहिलं आहे: खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक बुटकं लाकडी स्टूल. त्याच्या बरोबर वर छताला काजळीचा काळा गोल आहे. तिथं समई तेवत असणार, वर्षानुवर्षं. स्टूल टाकून देणार होते. पण बसून शेंगा सोलायला बरं आहे, राहू दे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वायरमन रामकिसन येऊन माप घेऊन गेला. ह्या पंधरवड्यात कुणी नवं काम काढत नाही, त्यामुळं मोकळाच होता. तरी आपणहून म्हणाला, मॅडम, घट बसू द्या ना, मग करू. मी म्हटलं, घट बसले की तू मला सापडणार आहेस का? हसला. लोकांचं दिवाळीचं काम सुरू झालं की तो कुणालाच सापडत नाही, हे त्याचं त्यानंच कबूल केलं.

मी कागदावर आकृती काढून दिली. वर पांढऱ्या पट्ट्यांचं खोटं छत, म्हणजे काजळी आणि वायरी झाकल्या जातील. त्यात गोल दिवे. मुख्य रांग ओट्याच्या बरोबर वर, डोक्याच्या पुढं, म्हणजे उजेड पाठीमागून न येता हातावर पडेल. दिवे पिवळसर; पांढरे लावले तर सई दवाखाना म्हणेल. आणि कागदाच्या डोक्यावर ठळक लिहिलं: ओट्यावर सावली नको.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या

झालं! दिवसभर ठोकाठोकी, धूळ, रामकिसनची बडबड आणि माझा चहा. शेजारीपाजारी आज पितरांची पानं वाढत होते, वड्यांचा वास येत होता, कावळ्यांना हाका चालल्या होत्या, आणि माझ्याकडं ड्रिल मशीन.

पण काय देखणं दिसतंय! तिन्हीसांजेला तो गेल्यावर मी मुद्दाम अंधार पडू दिला आणि मग बटण दाबलं. सगळा ओटा लख्ख. पातेल्याचा डाग न् डाग दिसायला लागला (ही एक पीडाच). हात पुढं धरला, मान वाकवली, कुठून सावली पडते का पाहिलं. नावाला नाही.

आणि मग एक वेडेपणा केला. आमच्या घरी तिन्हीसांजेचा दिवा लागला की घरातल्या मोठ्या माणसांना वाकून नमस्कार करायचा, ही रीत. पणती असो नाहीतर विजेचं बटण. सईलाही तेच लावलं आहे. ती अजून पुण्यात बटण दाबलं की आजोबांच्या पाया पडते. आज दिवे लागले आणि सवयीनं माझे हात जोडले गेले, कंबर वाकली. मग लक्षात आलं, समोर कोणी नाही. आपण वाकलोय खरं, पण कुणापुढं? तसंच सरळ व्हायचं जिवावर आलं. समोर ते स्टूल होतं. म्हटलं चला, भानुमतीकाकू, घर तुमचं होतं, नमस्कार करते.

मोठ्यानं म्हटलं. दिवसभरातलं रामकिसन सोडून कुणाशी बोललेलं पहिलं वाक्य. मग हसू आलं, आणि मग रडूही आलं, काय लपवायचं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रामकिसननं घोळ घातला आहे. गवार मोडत होते तर ताटावर सावली. फोन केला, उद्या येतो म्हणाला.

२४ सप्टेंबर, बुधवार

कंपनीतून लवकर निघून रामकिसनला बोलावलं. तो ओट्याशी उभा राहिला, सावली नाही. मी उभी राहिले, नाही. मॅडमना काम कमी दिसतंय असा चेहरा करून तो गेला.

तिन्हीसांजेला दिवे लावले. नमस्कार केला. (हो, रोज करते. कुणाला सांगायला जाऊ नये.) ओट्याशी वळले आणि सावली आली. ताटावर, हळूहळू, कुणी मागून दोन पावलं पुढं यावं तशी. मी हात वर केला, तिचा हात वर झाला नाही. खांदे अरुंद, जरा पोक काढलेली. डोक्यावरून पदर.

मी कुडता घातला होता.

मागं वळून पाहिलं. कोणी नाही. नुसतं स्टूल.

घाबरायला हवं होतं. घाबरलेही. पण इथं खरं लिहायचं तर लिहिते: भीती ओसरल्यावर बरं वाटलं. किती दिवसांत कुणी माझ्यामागं उभं राहून, काय गं करतेस, म्हणून डोकावलं नव्हतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

आता सवय झाली आहे. मी चिरते, सावली बघते. बसमध्ये कोण काय म्हणालं, साहेब कसा डाफरला, सगळं तिला सांगते. आधी रात्रीला मॅगी नाहीतर दूध-पोळी असायची, आता भाजी-आमटी दोन्ही करते. एकटीसाठी कोण एवढा घाट घालतं? पहिला घास स्टुलावर ठेवते. मोठ्यांच्या आधी जेवू नये.

सई फोनवर म्हणाली, आई, तुझा आवाज छान वाटतोय.

२ ऑक्टोबर, दसरा

कंपनीला सुट्टी. सरूबाईंना सोनं दिलं, त्यांनी दिलं, त्या गावाकडं गेल्या. गल्लीतली माणसं एकमेकांच्या दारात जाऊन पाया पडत होती. मी दारात उभी राहून पाहिलं आणि आत आले.

आपट्याचं एक पान उरलं होतं. दिवे लागल्यावर ते स्टुलावर ठेवलं आणि पार गुडघे टेकून नमस्कार केला. मनात जे होतं ते बोलून टाकलं. काकू, मला दुसरं काही नको, माझी पोर माझ्याकडं येऊ दे. कायमची येऊ दे.

आणि डोक्यावर हात आला.

खराच. कोरडा, हलका, बोटांच्या सांध्यांशी गाठी असलेला. मी हुंदके देऊन रडले. आई गेल्यापासून डोक्यावर कुणाचा हात नव्हता. हात बराच वेळ तिथंच होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच.

५ ऑक्टोबर, रविवार

आज येसर आमटी केली. सरूबाईंना वाटीभर दिली तर चाटून पुसून खाल्ली आणि विचारलं, पुण्याच्या बाईला येसर कुणी शिकवला? कुणी नाही. मी तर येसर हा शब्द इथं येऊन ऐकला. धणे कधी भाजले, गहू-डाळी कधी दळल्या, काही आठवत नाही. त्या पिठाचा डबा मात्र काठोकाठ भरला आहे. हाताला आपोआप सुचत गेलं म्हणायचं.

८ ऑक्टोबर, बुधवार

सरूबाई आज स्वतःच विषय काढून बसल्या. ती आमटी खाल्ल्यापासून त्यांना चैन नव्हतं म्हणे, कारण चव हुबेहूब काकूंच्या हातची.

मग सगळं सांगितलं. काकूंना अमेय एकुलता एक. लग्न करून सून घरात आली तेव्हा काकूंना आभाळ ठेंगणं झालं. रोज तिन्हीसांजेला सुनेनं दिवा लावायचा आणि स्टुलावर बसलेल्या काकूंच्या पाया पडायचं. डोक्यावर हात ठेवला की काकू तो लवकर उचलायच्या नाहीत. सून नोकरी करणारी, हसरी, बोलकी. हळूहळू नोकरी सुटली. माहेरचे फोन घ्यायची सुटली. दिवसदिवस ओट्याशी उभी असायची, डोक्यावर पदर घेऊन, काकूंसारखी पोक काढून. एकदा सरूबाईंनी तिला नावानं हाक मारली तर तिनं वळूनच बघितलं नाही. तुझंच नाव आहे ना गं, विचारलं, तर ती इचार करत बसली, म्हणाल्या. लई इचार केला, पर तिला आठवलंच नाय. त्यानंतर अमेय तिला पहाटेच घेऊन गेला तो कधी परत आला नाही.

काकू मात्र शेवटपर्यंत दिवेलागणीला त्या कोपऱ्यातून हाक मारायच्या: सूनबाई, दिवा लागला का गं? गल्लीतली पोरं खिडकीखालून ओ द्यायची आणि हसत पळायची.

मी विचारलं, सुनेचं नाव काय होतं? सरूबाईंना चटकन सांगता येईना. सगळे तिला सूनबाईच म्हणायला लागले होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

कंपनीची बस चुकली. ओट्याशी उभी होते. डबा भरत होते एवढं आठवतं. भानावर आले तेव्हा दुपार उलटली होती, आणि ओढणी डोक्यावरून घेतलेली होती.

मी ओढणी डोक्यावरून घेत नाही. कधीच नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज नमस्कार केला नाही. दिवे लावले आणि हात घट्ट पाठीशी बांधून उभी राहिले.

दिवे गेले. फक्त स्वयंपाकघरातले. बाहेरच्या खोलीत पंखा चालू, टीव्ही चालू. अंधारात स्टूल फरशीवर सरकल्याचा आवाज आला.

मी नमस्कार केला. दिवे आले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रामकिसन येऊन गेला. वायरिंग ठणठणीत आहे म्हणाला. ते दिवे काढून जुनी ट्यूब लाव म्हटलं, तर दिवाळीनंतर बघू. सापडणार नव्हताच.

स्टूल अंगणापलीकडं नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकलं. गाडी गेलेली डोळ्यांनी पाहिली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

स्टूल कोपऱ्यात आहे.

हिमांशूला फोन केला. म्हटलं, सईला ह्या वेळी नको पाठवूस, घरात जरा काम निघालंय. तो शांतपणं म्हणाला, ठीक, मग जानेवारीत कोर्टात मी एवढंच सांगेन, की तिच्या आईला सुट्टीतही ती नको होती. आणि सई मागून विचारत होती, काय झालं, आई काय म्हणतेय.

मी म्हटलं, काही नाही. पाठव.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

ठरवलं. सई चोवीसला येणार. तिला बसस्टँडवरूनच घ्यायचं आणि थेट अजिंठ्याला जायचं. सगळी सुट्टी तिथंच, गावातल्या एखाद्या लॉजवर. ह्या घरात तिचं पाऊल पडू द्यायचं नाही. ती जन्मभर मला वेडी म्हणेल, म्हणू दे. खरी गुहा बरी.

स्वयंपाकघरात जात नाही. बाहेरून आणून खाते. तिन्हीसांजेला आतले दिवे आपले आपण लागतात. दाराच्या फटीतून उजेड येतो आणि त्या उजेडात कोणीतरी येऊन उभं राहतं.

मी इथून, बाहेरच्या खोलीतून नमस्कार करते. नाही केला तर दारावर नखं —

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

गल्लीभर दिवे. सगळ्यांच्या दारात रांगोळी. मी पायरीवर बसून राहिले. सरूबाई फराळाचं ताट घेऊन आल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या की पोरी, पाठ सरळ कर की, म्हातारीवानी काय बसलीस.

सरळ होत नाही.

पाटी आली. पाटीवर नाव आहे ते कुणाचं, हे वाचून जरा वेळ — मग आठवलं. माझंच की.

रोज लिहायचं: मी मनस्विनी.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मी मनस्विनी. सई उद्या येणार. गाडी ठरली. गुलमंडीवर जाऊन तिच्या आवडीची इमरती घेऊन येते, मग बॅग भरते, आजची रात्र सरूबाईंकडं झोपते, की सुटले. एकच रात्र.

त्याच दिवशी, तिन्हीसांज

सई घरात आहे.

हिमांशूच्या मित्राची गाडी भाऊबीजेला इकडं येत होती, तो तिला दारात सोडून गेला. आईला सरप्राइज. सरूबाईंनी कौतुकानं किल्ली दिली. मी इमरतीच्या रांगेत होते.

धावत आत शिरले तर गळ्यातच पडली. किती उंच झाली आहे! म्हणाली, आई, काय भारी केलंस स्वयंपाकघर, फोटोत काहीच कळत नव्हतं. म्हणाली, अंधार पडला म्हणून दिवे लावले आणि तू शिकवलंयस तसा नमस्कार केला. रिकामं घर बघून हसू येत होतं, म्हणाली, पण मग डोक्यावर हात आला. वाटलं, तूच आलीस. तू नव्हतीस.

मी तिचा दंड धरून दाराकडं ओढलं. चप्पल घाल, आत्ताच्या आत्ता निघायचं. तिनं हात सोडवून घेतला. चिडून नाही, मायेनं. म्हणाली, कुठं जायचं? मी आता पुण्याला जाणारच नाहीये, आई. इथंच राहणार, तुझ्याकडं, कायमची. आजी म्हणाल्या, तूच तसं मागून घेतलंयस.

तीन वर्षं हे वाक्य ऐकायला तरसले होते. ऐकलं आणि तिथंच फरशीवर बसले.

आता ती ओट्याशी आहे. भाजी चिरते आहे. ओढणी डोक्यावरून घेतली आहे, माझी. तिला कधी सुरी धड धरता येत नव्हती.

हाका मारल्या. सई, सई. वळत नाही.

उठून तिला ओढून आणायला हवं. उठते आणि हात जोडले जातात, कंबर वाकते, परत खाली बसते. म्हणून लिहिते आहे. लिहीत राहिलं की नाव राहतं. मी मनस्विनी. ती सई. माझी मुलगी. मी मनस्विनी. ती माझी —

ओट्यावर सावली पडली आहे. लांब, माझ्यापर्यंत येणारी. सईच्या मागं कोणी नाही. सावली सईचीच आहे.

चिरायचं थांबलं.

आतून विचारतेय. आवाज सईचा आहे, पण ती आई म्हणत नाही, ती म्हणतेय, सूनबाई, दिवा लागला का गं?

नाही. ओ द्यायची नाही. मी मन — मी म —

लागला. हो, लागला, आले, सासूबा